दुसऱ्याचा मासा

"वजन कोण बघतो?"

मासेमारीच्या हंगामात कामासाठी अलास्काला चालले आहे, असं फोनवर सांगितल्यावर बाबांनी पहिलं हेच विचारलं. थंडी किती, बोट केवढी, सोबत बाईमाणूस आहे का, हे सगळे आईचे प्रश्न. बाबांची तीस वर्षं रत्नागिरीत मिरकरवाड्याजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात गेली. बंदरावरचा माणूस ओळखायचा तर वजनाच्या वेळी तो कुठे बघतो ते बघावं, असं ते नेहमी म्हणायचे. मी म्हटलं, "बघून सांगते."

ही जुलै 2022 ची गोष्ट. मी सिअ‍ॅटलला राहते आणि बोटींवरच्या शीतकरण यंत्रणांचं काम करते. अलास्काच्या ब्रिस्टल बेमध्ये ऐन हंगामात एका टेंडर बोटीचा चिलर, म्हणजे टाकीतलं पाणी गार करणारं यंत्र, मध्येच बंद पडत होता. किंग सालमन नावाच्या गावापर्यंत विमान, तिथून नॅकनेकपर्यंत रस्ता आणि नॅकनेकहून एका छोट्या होडीतून त्या बोटीपर्यंत. काम दोन दिवसांचं होतं. एक सुटा भाग विमानाने यायला वेळ लागला, आणि तो आल्यावर कॅप्टन म्हणाले, गर्दीचे दिवस उरकेपर्यंत थांबशील का. मी नऊ दिवस राहिले.

टेंडर म्हटलं की आपल्याला निविदा आठवते. तिथे टेंडर म्हणजे दुसऱ्या बोटींच्या दिमतीला असलेली बोट. ती स्वतः एकही मासा धरत नाही. ब्रिस्टल बेमध्ये गिलनेट, म्हणजे माशाचे कल्ले अडकतील असं जाळं, लावणाऱ्या बोटींना कायद्याने 32 फुटांची मर्यादा आहे. 1951 पर्यंत तर तिथे इंजिनाच्या बोटींना बंदीच होती, सगळी मासेमारी शिडांवर चाले. एवढ्याशा बोटीत माल मावणार तो किती? आणि मासेमारीची परवानगी तासांवर मिळते. वरच्या नद्यांवर मनोरे उभारलेले आहेत, त्यांवर माणसं बसून दर तासाला दहा मिनिटं पाण्यातून जाणारे मासे मोजतात. अंडी घालायला पुरेसे मासे वर गेले की खाडी उघडायची, कमी पडले की बंद. खाडी उघडी असताना जाळं सोडून कारखान्यापर्यंत मासे पोचवायला जाणं कुणाला परवडेल? म्हणून मोठी बोट जाळ्यांच्या जवळ येऊन नांगर टाकते. लहान बोटींनी तिला मासे द्यायचे, पावती घ्यायची, डिझेल आणि पाणी भरायचं आणि परत फिरायचं. मोठी बोट भरली की ती कारखान्याकडे जाते. मासे घेणारी कंपनी तिला त्या पाच-सहा आठवड्यांसाठी दिवसाच्या भाड्याने ठेवते.

ही मोठी बोट बहुतेक वेळा कुठून येते? खेकड्यांच्या धंद्यातून.

मी होते ती बोट 110 फुटी, पोलादी, सत्तरच्या दशकात बांधलेली. हिवाळ्यात ती बेरिंग समुद्रात खेकडे धरते. 15 ऑक्टोबरला किंग क्रॅबचा हंगाम उघडतो, जानेवारीपासून स्नो क्रॅब. आपल्या चिंबोऱ्या आणि कुर्ल्या डोळ्यांसमोर आणू नका. किंग क्रॅबचे पाय पसरले तर दोन्ही हातांच्या कवेत मावत नाहीत. ते धरायचा पिंजरा सात फूट बाय सात फूट, लोखंडाचा, रिकामाच तीनशे किलोंच्या वर. असे पिंजरे शेकड्यांनी डेकवर रचून बोट निघते. वाऱ्याने उडालेले तुषार त्यांच्यावर गोठतात, बर्फाचं वजन चढत जातं आणि बोट डोईजड होते. सिअ‍ॅटलच्या फिशरमेन्स टर्मिनलवर समुद्रात गेलेल्या मच्छीमारांचं स्मारक आहे, त्यावर सहाशेहून जास्त नावं कोरलेली आहेत. फेब्रुवारी 2017 मध्ये 'डेस्टिनेशन' बुडाली, सहाच्या सहा माणसं गेली. 31 डिसेंबर 2019 च्या रात्री 'स्कँडीज रोझ' बुडाली, सातांतले दोघे वाचले. आमचे कॅप्टन या बोटींविषयी एक-दोन वाक्यांपलीकडे बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

आमच्याकडे बोटीचा मालक तो नाखवा आणि बोट नेणारा तो तांडेल. कॅप्टन त्यांच्या बोटीचे दोन्ही होते. साठीच्या आसपासचे, बुटके, बोलणं कमी. 2005 च्या आधीचे दिवस त्यांनी बघितले होते. तेव्हा सगळ्या बोटींना मिळून एकच मर्यादा असायची आणि ती संपेपर्यंत शर्यत. अडीचशे बोटी एका वेळी सुटायच्या आणि किंग क्रॅबचा हंगाम तीन-चार दिवसांत आटपायचा. वादळ असो, झोप झालेली नसो, थांबला तो मागे राहिला. 2005 मध्ये प्रत्येकाला ठरावीक वाटा मिळाला, शर्यत संपली, आणि पहिल्याच वर्षी अडीचशेच्या जागी नव्वदच्याही आत बोटी उरल्या. माणसं कमी मरू लागली, हे खरं. डेकवरच्या शेकडो खलाशांचं काम गेलं, हेही खरं. कॅप्टन दोन्ही गोष्टी एका दमात सांगायचे, एक सांगून दुसरी गिळायचे नाहीत. मला ते फार आवडलं.

तर असा माणूस उन्हाळ्यात दुसऱ्याचे मासे सांभाळायला येतो. मला वाटलं होतं, त्याला यात कमीपणा वाटत असेल. हिवाळ्यात ज्याने समुद्राशी झुंज घ्यायची, त्याने उन्हाळ्यात नांगर टाकून वजनं करायची आणि पावत्या फाडायच्या! मी हे पहिल्याच दिवशी विचारलं. ते म्हणाले, "आज रात्री क्रेनपाशी उभी राहा."

जुलैत तिथे धड रात्र होत नाही. साडेअकराच्या पुढे सूर्य बुडतो आणि नंतर आकाश राखाडी होऊन तसंच राहतं. खाडी बंद व्हायची वेळ रात्री एकची होती. अकरापासूनच बोटी यायला लागल्या. एकीच्या मागे एक, वीस-बावीस तरी असतील, सगळ्या पाण्याशी टेकलेल्या, इतक्या भरलेल्या. नॅकनेकला भरती-ओहोटीतला फरक वीस फुटांच्या वर जातो. रत्नागिरीला उधाणाच्या भरतीलाही पाणी दोन पुरुष चढत नाही. इथे मात्र एवढं पाणी दिवसातून दोनदा नदीसारखं धावतं, वर वारा उलटा असला की लाटा उभ्या राहतात आणि तशा पाण्यात 32 फुटी बोट 110 फुटी बोटीला येऊन चिकटते.

तिसरी की चौथी बोट बाप-लेकीची होती. मुलगी सतरा-अठराची, केशरी रबरी विजार, कोपरापर्यंत खवले. त्यांच्या बोटीच्या पोटात कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात एक मोठी जाळीदार पिशवी अंथरलेली असते. तिला ब्रेलर म्हणतात. मासे त्या पिशवीतच साठवायचे. मुलीने पिशवीच्या चारही कड्या गोळा केल्या, आमच्या क्रेनचा आकडा खाली आला, तिने कड्या आकड्यात घातल्या आणि हात वर केला. क्रेनवर कॅप्टन स्वतः. आकड्याच्या वर काटा लावलेला, त्याचे अंक लांबूनही दिसतील एवढे मोठे. पिशवी उचलली गेली. चांदीच्या रंगाचे सॉकाय सालमन, पाठ निळसर हिरवी, प्रत्येकी पाचेक पौंडांचे, जाळीतून नाकं बाहेर काढून दाटीवाटीने बसलेले. पाणी गळत होतं. पिशवी झुलत होती तोवर काट्यावरचा अंकही नाचत होता, 840, 910, 870. कॅप्टननी ती तशीच धरून ठेवली. मागे अठरा बोटी ताटकळत होत्या. अंक थांबेपर्यंत ते थांबले. आमच्या खलाशाने मोठ्याने अंक वाचला, खालून बापाने तोच अंक वाचला, दोघांनी आपापल्या वहीत लिहिला, आणि मग कुठे पिशवीची तळाची दोरी ओढली. मासे घसरत टाकीत गेले. रिकाम्या पिशवीचं वजन पुन्हा केलं आणि वजा केलं. दोन माशांच्या पोटात थर्मामीटर खुपसून तापमान पावतीवर लिहिलं, कारण थंड ठेवलेल्या माशाला जादा भाव असतो.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, असं मला वाटलं. वजन दोघं बघतात. पण मग मी कॅप्टनकडे बघितलं. ते काट्याकडे बघतच नव्हते. त्या एका बोटीच्या चार पिशव्या वर आल्या, चारही वेळा मी बघितलं. त्यांची नजर सतत खाली, त्या मुलीच्या हातांवर आणि पायांवर. आकडा खाली येताना तिची बोटं कडीत आहेत का, दोन बोटींच्या मधल्या फटीजवळ पाय आहे का, झुलणाऱ्या पिशवीखाली डोकं आहे का. एकदा लाटेने लहान बोट वर उचलली तेव्हा तिच्याकडून कडी सुटायच्या आधी त्यांनी आकडा हातभर वर घेतलेला होता. तिला ते कळलंही नसेल. तीनशे किलोंचा पिंजरा हलत्या डेकवर पस्तीस वर्षं फिरवलेल्या माणसाची ती नजर होती. जानेवारीत बेरिंग समुद्रात जी नजर आपल्या खलाशांवर असते, तीच जुलैत परक्या पोरीवर. पकडलेला मासा कुणाचाही असो, आकड्याखालची माणसं त्यांची होती.

पहाटे पाचला शेवटची बोट सुटली. कॅप्टननी क्रेन बांधली, कॉफी घेतली आणि माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, "टाकी किती अंशांवर आहे?"

आता माझ्या कामाविषयी थोडं, कारण मला या बोटींविषयी जे वाटतं त्याची मुळं तिथे आहेत. खेकडा जिवंत न्यावा लागतो. मेलेल्या खेकड्याचा एक पैसा मिळत नाही आणि तो शेजारच्या जिवंत खेकड्यांनाही नासवतो. म्हणून या बोटींच्या पोटात प्रचंड टाक्या असतात आणि त्यांतून समुद्राचं ताजं पाणी रात्रंदिवस पंपाने फिरवत ठेवतात. सालमन मेलेलाच येतो. त्याला जिवंत ठेवायचं नसतं, थंड ठेवायचं असतं. त्याच टाक्या, तेच पंप, मध्ये चिलर बसवला की पाणी शून्याच्या आसपास उतरतं. समुद्राचं पाणी साधारण उणे दोन अंशांजवळ गोठतं, म्हणजे शून्याखाली जाऊनही ते वाहतं राहू शकतं आणि माशाच्या सगळ्या बाजूंनी फिरतं. बाबांच्या कारखान्यात हेच होतं. मोठ्या हौदात मिठाचं पाणी, त्यातून अमोनियाच्या नळ्या, आणि त्या पाण्यात उभे केलेले गोड्या पाण्याचे डबे. डब्यातलं पाणी गोठून लादी व्हायची, भोवतालचं खारं पाणी मात्र वाहतच राहायचं. लहानपणी मी त्या हौदाच्या फळ्यांवर बसून अभ्यास केलाय, मे महिन्यात त्याच्याइतकी गार जागा रत्नागिरीत दुसरी नव्हती. बाबा दुसऱ्यांच्याच माशांसाठी आयुष्यभर बर्फ पाडत राहिले. लादी वेळेवर गेली नाही तर चार दिवस समुद्रात राबलेल्या माणसाचा माल लिलावात कवडीमोलाने जायचा. त्या काळजीने ते रात्री उठून कॉम्प्रेसरचा आवाज ऐकायला जायचे. कॅप्टनही जायचे. दोन-दोन तासांनी, डोळे तांबारलेले, हातात टॉर्च.

टाकीबद्दलची आणखी एक गोष्ट मी त्यांच्याकडून शिकले. टाकी आधी गार पाण्याने काठोकाठ भरायची. मासे आत पडतील तसं तेवढंच पाणी बाहेर सांडतं. अर्धवट भरलेली टाकी कधीच ठेवायची नाही, कारण बोट कलली की आतलं पाणी सगळं त्याच बाजूला धावतं आणि बोटीला आणखी कलवतं. पुस्तकात मी हे वाचलं होतं. कॅप्टन हे सांगताना दोन्ही तळहात कपासारखे करून एका बाजूला झुकवून दाखवायचे, आणि तेवढ्यात गप्प व्हायचे.

आमच्या कोकणात 1 जून ते 31 जुलै यंत्राच्या बोटींची मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात, कारखान्यातला कॉम्प्रेसरही थंड पडलेला. नेमक्या त्याच दिवसांत ब्रिस्टल बेला जेवायची फुरसत नसते. आणि 2022 चा हंगाम तर आजवरचा सगळ्यात मोठा. सुमारे 7 कोटी 90 लाख सॉकाय खाडीत आले, त्यातले सहा कोटी पकडले गेले. (आपल्या रावसाला हॉटेलवाले इंडियन सालमन म्हणतात, पण या माशाशी त्याचं नातं काही नाही.) बोटी बुडतील एवढे मासे येत होते. कारखान्यांना आवरेना, म्हणून कधीकधी मासे घेण्यावरच मर्यादा आली.

त्याच वर्षी खेकडा संपत होता. आदल्या ऑक्टोबरात, 2021 मध्ये, ब्रिस्टल बेचा किंग क्रॅबचा हंगाम उघडलाच नव्हता. स्नो क्रॅबची मर्यादा एका वर्षात 4 कोटी 50 लाख पौंडांवरून 56 लाख पौंडांवर आली होती. मी तिथून परतल्यावर तीन महिन्यांनी, 10 ऑक्टोबर 2022 ला, स्नो क्रॅबही इतिहासात पहिल्यांदाच बंद झाला. शास्त्रज्ञांनी पुढच्या वर्षी कारण मांडलं. 2018 आणि 2019 मध्ये बेरिंग समुद्र फार तापला. एरवी हिवाळ्यातल्या बर्फामुळे तळाशी थंड पाण्याचा एक मोठा पट्टा राहतो, स्नो क्रॅबची पिल्लं तिथे वाढतात. तो आक्रसला. गरम पाण्यात खेकड्याच्या शरीराला जास्त अन्न लागतं, आणि तेव्हा खेकड्यांची संख्याही नेमकी खूप होती. एक हजार कोटींहून जास्त खेकडे नाहीसे झाले, मुख्यतः उपासमारीने.

आणि वरच्या तळ्यांत, जिथे सॉकायची पिल्लं पहिली एक-दोन वर्षं काढतात, तिथलं पाणी जरा कोमट झालं म्हणून ती पिल्लं धष्टपुष्ट होऊन समुद्रात उतरली. हे समजल्यापासून मी त्या रात्रीच्या मासोळ्यांची आठवण पूर्वीसारख्या आनंदाने काढू शकत नाही. उष्म्याने एका हाताने कॅप्टनचा हिवाळा काढून घेतला आणि दुसऱ्या हाताने उन्हाळा भरून दिला. तोही सगळ्यांना नाही. त्याच वर्षांत उत्तरेला युकॉन नदीच्या काठच्या गावांना स्वतःच्या खाण्यापुरतेही किंग आणि चम सालमन धरायला बंदी होती. पिढ्यान्‌पिढ्या ज्या घरांसमोर सालमन वाळत घातलेला असायचा, तिथे बाहेरून आणलेला मासा वाटावा लागला. उष्म्याने काहींचं भलंही होतं, असं म्हणणाऱ्यांनी या काठावर एकदा जाऊन यावं.

फेब्रुवारी 2023 मध्ये कॅप्टनचा फोन आला. डेकवर आणखी एक चिलर बसेल का? खेकडा नाही म्हटल्यावर बोटीचं वर्ष आता टेंडरवरच निघायचं होतं, आणि थंडाव्याची ताकद वाढवली तर कंपनी मोठ्या खाडीचं काम देणार होती. मी फिशरमेन्स टर्मिनलवर टेप घेऊन गेले. पाऊस पडत होता. एकच जागा पुरेशी होती, जिथे पिंजरे समुद्रात सोडायचा तिरपा पाळणा बसवलेला होता. कॅप्टन थोडा वेळ त्याच्यावर हात ठेवून उभे राहिले. मग स्वतः पाना घेतला. चार मोठे बोल्ट होते, मीठ खाऊन घट्ट बसलेले. दुपार गेली. प्रत्येक बोल्ट त्यांनी तारेच्या ब्रशने घासला, ग्रीस लावलं, कॉफीच्या रिकाम्या डब्यात ठेवला आणि डबा सुकाणूच्या खोलीत नकाशांच्या फळीवर नेऊन ठेवला. भोकांत पाणी जाऊ नये म्हणून लाकडी खुंट्या ठोकल्या.

त्या उन्हाळ्यात सॉकायचा भाव कोसळला. 2022 ला पौंडामागे 1 डॉलर 15 सेंट मिळाले होते, 2023 ला कंपन्यांनी 50 सेंट जाहीर केले, तेही हंगाम जवळजवळ उरकल्यावर. नॅकनेक नदीत मच्छीमारांनी बोटींची मिरवणूक काढून निषेध केला. भाव टेंडर ठरवत नाही. पण कंपनीचा चेहरा म्हणून समोर तीच असते. कॅप्टन सांगत होते, एक ओळखीचा माणूस पावतीवर सही करताना काहीच बोलला नाही, नुसता हात थरथरत होता, त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. हंगामभर जाळं ओढून डिझेलचे पैसे निघाले नाहीत अशी घरं त्या वर्षी होती. मला आजही वाटतं, ज्याने मासा धरला त्याला भाव सगळ्यात शेवटी कळावा, हा अन्याय आहे. मिरकरवाड्याच्या लिलावात निदान बोली तोंडावर लागते.

बाबांना मी हे सगळं तुकड्यातुकड्यांनी फोनवर सांगत गेले होते. कॅप्टन काट्याकडे बघत नाहीत, पोरीच्या हातांकडे बघतात, हे सांगितलं तेव्हा पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मला वाटलं फोन कट झाला.

"रिकाम्या पिशवीचं वजन वजा करतात ना?" त्यांनी विचारलं.

"करतात. तुमच्यासमोर केलं असतं तसं."

"मग त्याला सांग, अमोनिया असेल तर गॅस्केट दरवर्षी बदल."

अमोनिया नव्हता, पण निरोप मी पोचवला.

सप्टेंबर 2023 च्या शेवटी पुन्हा फोन. 15 ऑक्टोबरला किंग क्रॅब उघडणार, अशी चिन्हं होती. मर्यादा लहान, त्यात कॅप्टनचा वाटा त्याहून लहान. चिलर जरा सरकवता येईल का, ती चार भोकं हवी होती. मी दोन नळ्या वळवून फूटभर जागा करून दिली. त्यांनी फळीवरून डबा काढला. खुंट्या उपटल्या. तीन बोल्ट हाताने फिरवले तसे आत गेले. चौथ्या भोकाच्या आट्या गंजल्या होत्या, तो दोन वेढ्यांपुढे जाईना. त्यांनी बोल्ट बाहेर काढला, गुडघ्यांवर बसले, टॉर्च माझ्या हातात दिला आणि आट्या पाडायचं हत्यार लावून तेलाचे थेंब टाकत अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असं सावकाश फिरवायला लागले.